रिकामी जागा भरा

ग्रिम्सबीत, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर
मंगळवारी साडेसहाला माझा वर्ग भरतो.
चालू रेडिएटर एकच. त्याला पाठ लावून शिलान बसते,
आणि तिथून तिला कुणी उठवत नाही.
दाइव्हाच्या केसांना हॅडॉकचा वास येतो.
दर मंगळवारी ती माफी मागते,
दर मंगळवारी आम्ही म्हणतो, कसला वास?

आज फळ्यावर दोनच शब्द होते : लेट गो.
खाली वाक्यं. संदर्भ पाहून दुसरा शब्द योजा.

पाखरू असेल तर मुक्त करणे.
दोर असेल तर सैल करणे, किंवा हातून सुटू देणे;
ही दोन एक नव्हेत,
धक्क्यावर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.
राग असेल तर, नाही शिलान, गिळणे नव्हे,
टाकून देणे.
आणि स्वतःला? स्वतःलाच लेट गो केलं तर?
तर त्याचे दोन अर्थ, मी म्हटलं,
एकात माणूस नाचतो, दुसऱ्यात दाढी करायचं थांबवतो.
सगळे हसले. इथवर धडा बरा चालला होता.

ओक्बाय उशिरा आला. इस्त्रीचा शर्ट,
हातात बिस्किटांचा डबा,
खिशात चार घड्यांचं पत्र.
फळा पाहून थबकलाच.
मिस, हेच! हेच दोन शब्द माझ्या पत्रात आहेत!
केव्हाची रजा मागत होतो,
बहिणीचं लग्न आहे लीड्सला.
दिली शेवटी. बघा ना,
वुई आर लेटिंग यू गो.
जाऊ देतायत.
फक्त किती दिवस ते लिहिलेलं नाही.

मी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.
खेदपूर्वक, असं होतं. हिशेब महिनाअखेर.
लॉकरची किल्ली शुक्रवारच्या आत.

सव्वीस वर्षं मी शिकवत आलेय
की कुठलेही दोन शब्द तंतोतंत एक नसतात,
आणि आता मला एक हवा होता, लगेच.
डिसमिस? त्यात बुटांचा खटका आहे, कवायतीचा.
रिडंडंट? हा घरी जाऊन शब्दकोश उघडेल
आणि तिथे लिहिलेलं असेल : अनावश्यक.
सॅक म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे पोतं येईल,
मिठाचं, पंचवीस किलोचं,
पाळीला चाळीस वाहतो तो.
यू हॅव लॉस्ट युअर जॉब, हे जरा मऊ वाटतं,
पण हरवली म्हणजे काय?
जणू ह्याच्याच फाटक्या खिशातून पडली वाटेत.

मार्करचं टोपण काढत होते, लावत होते.

काढलं तुला, दाइव्हा म्हणाली.
ती त्याच कारखान्यात, दोन पट्टे पलीकडे.
दोन बोटांनी तिने हवेतून काहीतरी उपसलं,
काटा काढतात तसं,
आणि बाजूला टाकलं.
तिला व्याकरण येत नाही अजून.

ओक्बायने पत्राच्या घड्या जशाच्या तशा घातल्या.
फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला,
पाखरू, दोर, राग,
आपलं वाक्य त्यात कुठे बसतंय ते शोधावं तसा.
मग विचारलं,
ज्यानं पत्र लिहिलं त्याला हा शब्द येत नव्हता का?

येत होता, मी म्हटलं.

बराच वेळ खालच्या मजल्यावरून
पुस्तकांवर शिक्के मारल्याचा आवाज येत राहिला.
शिलान उठली. आपली खुर्ची तिने त्याच्याकडे सरकवली
आणि खिडकीशी जाऊन बसली, कोट घालून.
डबा उघडला कुणीतरी. आल्याची बिस्किटं होती.

लग्न कधी आहे, दाइव्हाने विचारलं.
शनिवारी, तो म्हणाला. रविवारीसुद्धा असतं.
मी एकच दिवस मागितला होता.